यादीत नसलेली वही

दूधवाल्याला 'उद्या अर्धा शेर जास्त' एवढी चिठ्ठी लिहायची असली, तरी डॉक्टर पेंढरकर दोन कागदांमध्ये कार्बन घालून बसत. वरची प्रत दूधवाल्याला, खालची फायलीला. दूधवाल्याला वाचता येत नसे. तो चिठ्ठी घेऊन आमच्या घरी यायचा आणि मी ती त्याला वाचून दाखवायचो. डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं असतं तर तिघांचाही वेळ वाचला असता. पण तोंडी गोष्टीची नोंद राहत नाही, आणि जिची नोंद नाही ती घडलीच नाही, असं त्यांचं शास्त्र होतं.

चिंचवडच्या गावठाणात आमची भिंतीला भिंत. पिंपरीला बुरशीपासून इंजेक्शनचं औषध काढायचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा ते मुंबईहून आले. विलायतेत शिकलेले, पन्नाशी उलटलेले, एकटे. सामान म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि अकरा ट्रंका भरून कागद. डॉक्टर म्हटल्यावर लोक खोकला, ताप घेऊन दारात यायला लागले. "मी बुरशीचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही," असं त्यांनी सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात लोक बुरशी आलेल्या भाकऱ्या घेऊन आले. त्यांनी त्या ठेवून घेतल्या आणि प्रत्येकाला पोच लिहून दिली.

मी त्याच कारखान्यात स्टोअरचा कारकून. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसगत होणार नाही. पगाराचा नाही, विलायतेचाही नाही. आमच्या सौभाग्यवती त्यांना रोज सकाळी दोन पोळ्या पाठवत आणि त्या पोळ्या माझ्या पोळ्यांपेक्षा मऊ असत, याचा मात्र होता. आणि खरा हेवा नानांवरून होता.

नाना म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात ते दिवसाला तीन वाक्यं बोलत. 'पाणी दे', 'वर्तमानपत्र कुठं गेलं' आणि 'दिवा बारीक कर'. संध्याकाळी मात्र ते शेजारी जाऊन बसत आणि भिंतीपलीकडून दोन-दोन तास त्यांचा आवाज येई. देव आहे की नाही, नवस फळतो की नाही, नागाचं विष मंत्रानं उतरतं की नाही. नाना सश्रद्ध, डॉक्टर पक्के नास्तिक. नाना रोज हरत आणि रोज आनंदात परत येत. "आज पार लोळवलं मला डॉक्टरांनी," असं ते माझ्या बायकोला सांगत, जणू मेजवानी झोडून आलेत. माझ्याशी ते असे एकदाही भांडले नाहीत. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण मी तर गिऱ्हाईक होऊन दारात उभा होतो.

डॉक्टरांचं बुद्धिवादी असणं म्हणजे सभा गाजवणं नव्हे. ते फक्त विचारत, "नोंद आहे?" तळवड्याच्या मांत्रिकाला त्यांनी विचारलं, "आजवर किती नाग चावलेले आले, किती वाचले, नोंद आहे?" मांत्रिक म्हणाला, "वाचलेले येऊन नारळ देतात, बाकीचे कशाला येतील?" डॉक्टरांनी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली त्याचा अंगठा घेतला, आणि मांत्रिक खूश झाला. चाकणच्या बाजारात एक बाबा जिभेवर जळता निखारा ठेवी. डॉक्टर थर्मामीटर घेऊन तिथं गेले. परत आल्यावर आम्ही उत्सुकतेनं विचारलं, बुवाचं पितळ उघडं पाडलं का? तर म्हणाले, "तोंड आलंय बिचाऱ्याचं. ग्लिसरीन दिलं." पुढं वर्षभर तो बाबा कांद्याची पिशवी देऊन जाई. कांद्याचीही पोच मिळे.

ओळखीच्या प्रत्येक माणसाची त्यांच्याकडे फाईल असे. एकदा ते आत चहा करत असताना मी हळूच कपाट उघडलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. 'मास्तर' ही फाईल चार बोटं जाड होती. 'दत्तोपंत', म्हणजे मी, या फायलीत एकच कागद होता. 'छत्री नेली.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'परत आली नाही.' मी दुसऱ्या दिवशी छत्री नेऊन आपटली, त्याचीही पोच आली.

एका संध्याकाळी वाद दहाव्याच्या कावळ्यावर आला. तेव्हा मीही तिथं होतो.

"इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही," नाना म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"किती वेळा, मास्तर?"

"पुष्कळदा."

"पुष्कळ म्हणजे किती? नोंद आहे?"

"नाही बुवा."

"मग उद्यापासून मी ठेवतो."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर कारखान्यात जायच्या आधी पवनेच्या घाटावर फिरायला जायला लागले. लोकांना वाटलं, व्यायाम.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते त्या उन्हाळ्यात नाना गेले. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी आटोपलं. जाताना माझ्याशी काही बोलले नाहीत. मी उशाशी बसून होतो, पण त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं आणि पुन्हा मिटले. त्या माणसाला मी आवडत होतो की नव्हतो, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारायचं राहून गेलं. म्हणून दहाव्याच्या दिवशी मी घाटावर जीव मुठीत धरून बसलो होतो. हे उत्तर तरी मिळेल असं वाटत होतं.

पिंड मांडला. सकाळचे नऊ वाजले, दहा वाजले. समोरच्या उंबरावर कावळा नाही. मी हात जोडून सांगितलं, धाकट्या बहिणीचं लग्न करून देईन. आईला काशीला नेईन. गावची जमीन विकणार नाही. ती आधीच विकली होती, पण तेवढ्या घाईत जे सुचेल ते बोललो. काकांनी नानांच्या आवडीची कांदाभजी गुपचूप पिंडाशेजारी ठेवली, गोविंदभटजींनी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं. अकरा वाजता भटजी हलक्या आवाजात म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववू या." म्हणजे गवताचा. म्हणजे माझ्या बापाला माझ्याकडून काहीच नको होतं.

तेवढ्यात नदीकाठच्या मळ्यातले तुकातात्या पुढं झाले. "पंत, राग नगा मानू," ते म्हणाले. "पर मास्तरांचा जीव त्या डाक्टरात व्हता. त्यास्नी बलवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नाही कसं म्हणणार? कोणी तरी धावलं. डॉक्टर आले, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर. दहा पावलं मागंच उभे राहिले. त्यांचे ओठ थोडे हलल्यासारखे वाटले. मिनिट झालं नसेल, उंबरावर एक कावळा येऊन बसला, मग दुसरा, आणि पहिल्यानं खाली उतरून सरळ पिंडात चोच घातली. लोकांनी हात जोडले. पिंडाला नाही, डॉक्टरांना. त्या नास्तिक माणसाला. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी तोंड फिरवलं.

सख्खा मुलगा दोन तास गयावया करतोय आणि बाप शेजाऱ्यासाठी येतो. त्यापुढं दोन वर्षं मी डॉक्टरांशी बोललो नाही. कारखान्यात समोर आले तर मी स्टोअरच्या खिडकीतून मागं सरकायचो. ते चिठ्ठ्या पाठवत, 'दत्तोपंत, चहाला यावे.' मी फाडून टाकी. पोळ्या मात्र जात राहिल्या, कारण आमच्याकडे पोळ्यांचं खातं माझ्या हातात नाही.

गेल्या पावसाळ्याआधी डॉक्टर कारखान्यातच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. देह वैद्यकीय कॉलेजला द्यावा, कोणतेही विधी करू नयेत आणि सर्व कागद पुण्याच्या एका ग्रंथालयाला द्यावेत, असं लिहून ठेवलं होतं. पुढं ओळ होती, 'कागदांची यादी दत्तोपंतांनी करावी. त्यांचे अक्षर चांगले आहे आणि ते माझी बाजू घेणार नाहीत. एकही कागद गाळू नये.'

मी दोन महिने रोज संध्याकाळी त्या घरात बसून यादी केली. अकरा ट्रंकांच्या आता चौदा झाल्या होत्या. विलायतेच्या शास्त्रज्ञांची पत्रं, बुरशीची चित्रं, मांत्रिकाचा अंगठा, कांद्याच्या पोचा. माझी फाईल जाड झाली होती. 'चहाला यावे'च्या एकोणतीस प्रती आत होत्या, तारीखवार. मी त्या मोजल्या आणि यादीत 'किरकोळ पत्रव्यवहार' म्हणून लिहिल्या. मला तेव्हाही राग येत होता, फक्त तो कोणाचा हे नीट कळत नव्हतं.

मग वही सापडली. वर लिहिलं होतं, 'कावळे'.

सुरुवातीची पानं कोरडी होती. तारीख, पिंड किती वाजता मांडला, कावळा किती वाजता शिवला. मग एक पान असं होतं. 'आज एका म्हातारीला मुलाच्या पिंडासमोर दोनपर्यंत उन्हात बसावे लागले. उपाशी. चक्कर येऊन पडली. कावळा भुकेप्रमाणे येतो, इच्छेप्रमाणे नाही, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. पण ते म्हातारीला सांगून उपयोग नाही. उद्यापासून रोज पिंडाच्या जागी पोळी टाकणार, म्हणजे त्यांना जागेची सवय होईल. यामुळे निरीक्षणे निकामी होतात. इलाज नाही.' त्यापुढं रोज नोंद होती, 'पोळ्या दोन, दत्तोपंतांच्या घरच्या.' म्हणजे इतकी वर्षं मीच पंचक्रोशीच्या कावळ्यांना जेवू घालत होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

नाना गेले त्या तारखेपासून नऊ दिवस वही कोरी होती. दहाव्या दिवसाच्या नोंदीत अक्षर हललेलं होतं.

'नऊ दिवस घाटावर गेलो नाही. जाववले नाही. कावळ्यांची सवय मोडली आणि दत्तोपंतांना दोन तास बसावे लागले. दोष माझा. मी दिसताच उतरले, कारण ते मला ओळखतात. दत्तोपंतांना वाटते, मास्तर माझ्यासाठी आले. खरे सांगितले तर त्यांचा राग जाईल, पण वडिलांचा कावळाही जाईल. सांगायचे नाही. आणखी एक नोंद. उभा असताना मी मास्तरांशी दोन शब्द बोललो. ऐकणारे कोणी नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरी बोललो. बोटात दर्भ घालून पुढे बसलेल्या माणसाचा हेवा वाटला. मला मागे उभे राहावे लागले. उद्यापासून पुन्हा पोळी.'

मी ते पान कितीदा वाचलं, सांगता येणार नाही. हेवा करायचा हक्क फक्त माझा, असं मी समजून चाललो होतो.

पुण्याहून टेम्पो आला, चौदा ट्रंका गेल्या, मी यादीवर सही केली. ती वही यादीत नव्हती. एकही कागद गाळू नये असं त्यांनी लिहिलं होतं, आणि मी गाळला. ती पुण्यात कोणी वाचली असती, छापली असती, तर घाटावर बसलेल्या कितीतरी माणसांचे बाप पुन्हा गेले असते.

पावसाळ्यात गोविंदभटजी म्हणाले, "दत्तोपंत, अलीकडे कावळे रुसलेत. लोक तिष्ठत बसतात." दुसऱ्या सकाळी बायकोकडं दोन पोळ्या मागितल्या. तिनं मऊ बघून काढून दिल्या. घाटावर तुकडे करून टाकले, तर उंबरावरचे कावळे मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी ओळखीचा नव्हतो. तिथंही डॉक्टरांचीच चलती. सव्वा महिना मी रोज गेलो, तेव्हा कुठं एक उतरला.

मागच्या महिन्यात तुकातात्या गेले. दहाव्याला त्यांचा मुलगा नामदेव पुढं बसला होता, मी मागं उभा होतो. पिंड मांडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच कावळा शिवला. नामदेव रडत माझ्याकडे आला आणि माझे हात धरून म्हणाला, "पंत, बगितलं न्हवं? आबांच्या मनात काय राहिलं न्हाई. माज्यावर राग न्हवता त्यांचा."

"नव्हता," मी म्हणालो.

तो गेला. मी एकटाच बोळातून घरी निघालो आणि शेजारच्या कुलपापाशी पाय आपोआप थांबले. जे झालं ते कोणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. ते सांगण्याजोगा माणूस एकच होता, आणि त्यानं एकोणतीस वेळा मला चहाला बोलावलं होतं.