बुटीबोरीच्या बसची अर्धी घोषणा

घोषणा द्यावी तर आम्हीच! नागपुरात हिवाळी अधिवेशनावर मोर्चा निघाला की माझा आवाज बर्डीच्या पार टोकापर्यंत जायचा. अर्धी ओळ मी फेकायची, उरलेली माझे जोडीदार महादेवरावांनी हजार माणसांसह उचलायची. महादेवराव गेले. त्यांची फार आठवण येते.

म्हणून शेजारच्या कुसुमताई रडवेल्या होऊन आल्या तेव्हा माझी छाती फुगली. प्रवासी मिळत नाहीत म्हणून त्यांची सकाळची बुटीबोरीची बस बंद होणार होती.

"नानाजी, बस गेली तं माही कंपनीतली नोकरी बी गेली. रोजच्या ऑटोले पगार पुरन काय?"

"एका घोषणेचं काम आहे," मी म्हणालो.

सूनबाई मिनल म्हणाली, आता घोषणा फेसबुकवर द्यावी लागते. मी सांगितलं, लिही, 'कोण म्हणतं मिळणार नाही?' खाली सोमवार, सकाळी दहा, व्हेरायटी चौक. तिनं पुढची ओळ विचारली. पुढची ओळ लोकांची असते, एवढंही या पिढीला ठाऊक नाही! बस होती त्या न लिहिलेल्या पुढच्या ओळीत.

संध्याकाळपर्यंत लोकांनी ती ओळ आपापल्या सोयीनं पुरी केली. कुणाला नळाचं पाणी हवं होतं, कुणाला बढती, कळमना बाजारातल्या हमालांना शेड आणि लग्नाळू पोरांच्या एका ग्रुपला बायको. चार हजार शेअर! मी मिशीला पीळ देत हिंडलो.

सोमवारी चौकात ही गर्दी! मी जुन्या जोमानं ओळ फेकली आणि तीनशे जणांनी तीनशे मागण्या केल्या. बस कुणीच मागितली नाही. त्या गलक्यात मी उगाच महादेवरावांचा आवाज शोधला.

बसचे साहेब आले. सुट्टी टाकून आलेल्या कुसुमताईंचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गर्दीला विचारलं, "इथे बसने कोण कोण आलं?"

एकच हात वर झाला, कुसुमताईंचा. माझी स्कूटर साहेबांच्या समोरच उभी होती.

"महिनाभर रोज वीस प्रवासी दाखवा, बस ठेवतो," साहेब म्हणाले.

कुसुमताई माझ्याकडे वळल्या. "नानाजी, तुमी येऊन राहिले ना उद्यापासून?"

तेव्हापासून जुन्या मोर्च्यांतले आम्ही बारा म्हातारे रोज सकाळी पावणेसातच्या बसनं बुटीबोरीला जातो, टपरीवर चहा पितो, महादेवरावांच्या गोष्टी काढतो आणि परत येतो. तिथं आमचं काडीचंही काम नाही. कुसुमताई धरून तेरा होतात.

सात कमी पडतात. तुम्ही सकाळी काय करता?