चोवीस पाणीसाठे, पातळी समाधानकारक

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या कडेचे चार तालुके तोडून नवा जिल्हा करण्यात आला, तेव्हा दुष्काळाचे तिसरे वर्ष चालू होते. जिल्ह्याचे नाव ठरले नव्हते. नांदेडकडच्यांना लातूरकडचे नाव नको होते आणि लातूरकडच्यांना नांदेडकडचे, म्हणून नावापुरती जागा मोकळी सोडून बाकीचा शिक्का तयार होता. कार्यालय मात्र भव्य होते. ते उघड्या माळावर होते आणि फाटकापासून इमारत एक किलोमीटर लांब होती, कारण मधल्या जागेत नकाशाप्रमाणे तलाव आणि हिरवळ होती. नकाशा मंजूर झाला होता. तलाव आणि हिरवळ पावसाच्या अधीन ठेवण्यात आली होती.

हे अंतर म्हाताऱ्या माणसांनी उन्हात कसे तोडायचे, असे कुणीतरी विचारले. म्हणून विजेवर चालणारी सहा आसनी गाडी आली. ती मूळची गोल्फच्या मैदानावरची. मागच्या बाजूला खेळाच्या काठ्या ठेवायची जागा होती. तिथे म्हातारे आपापल्या काठ्या ठेवू लागले. नव्या जिल्ह्यात जी वस्तू ज्या कामासाठी होती त्याच कामाला लागली, अशी ही पहिलीच.

गाडी चालवायला आणि जपायला खाजाभाईंना अकरा महिन्यांच्या करारावर घेतले. मुदखेडच्या स्टँडामागे तीस वर्षे त्यांनी ट्रॅक्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या उठवून बसवल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीचे सीट उचलले. खाली आठ बॅटऱ्या, एकेकीत तीन कप्पे. चोवीसच्या चोवीस बुचे उघडून त्यांनी आत डोकावले, तारांच्या टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या फडक्याने पुसली आणि ते टंचाई शाखेत गेले. त्या वर्षी कोणतेही पाणी टंचाई शाखेच्या सहीशिवाय जागचे हलत नव्हते.

शाखेत अण्णाराव कारकून बसत.

"साहेब, बॅटरीला पाच लिटर पाणी पायजे. प्लेटा उघड्या पडायल्यात."

"माणसाला का जनावराला?"

"बॅटरीला."

"अर्जात दोनच रकाने हायत, मिस्त्री."

"मग जनावर लिहा."

"जनावराच्या कानात बिल्ला लागतो. हाय का हिच्या?"

खाजाभाई म्हणाले, "आन् साहेब, डिस्टिलच पायजे. बोअरचं घातलं की गाडी मेली समजा. खार लई हाय."

"म्हणजे माणसं पितात ते हिला चालत न्हाई." अण्णारावांनी अर्जाच्या कडेला 'अर्जदार चोखंदळ' असा शेरा मारला आणि अर्ज वर पाठवला.

अर्ज वर गेला तो वरच राहिला. गाडीची नोंदवही मात्र रोज भरायची होती. 'पाणी पातळी' या रकान्यात खाजाभाईंनी खरे ते लिहिले, 'कमी'. संध्याकाळी अण्णारावांनी बोलावले.

"कमी म्हणजे गाडी नादुरुस्त. नादुरुस्त गाडी उभी करावी लागते. उभ्या गाडीला मिस्त्री कशाला लागतो, सांगा बरं?"

घरी बायको बेगमबी होत्या आणि त्यांच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या होत्या. खाजाभाईंनी 'कमी' खोडून 'समाधानकारक' लिहिले. बॅटरीच्या बाबतीत ते तीस वर्षांत पहिल्यांदाच खोटे बोलले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदरच्या पैशांनी डिस्टिल पाण्याची एक बाटली आणून जमेल तितक्या कप्प्यांत ओतली. गाडी कशीबशी चालत राहिली.

पुढे लोकसहभागाचा आदेश आला. गाडीत बसणाऱ्या प्रत्येक नागरिकाने नोंदवहीत सही करायची होती. मजकूर छापलेला होता : 'बॅटरीतील पाणी समक्ष पाहिले. पातळी समाधानकारक.' वहीला सुतळीने पेन बांधला गेला. लोक सही करत आणि बसत. सीट उचला, असे कुणी म्हटले नाही.

खाजाभाई ज्या खडकमाळ वस्तीत राहत तिथल्या चांगुणाबाई एकदा आल्या. वस्तीला आठवड्याला एक टँकर येई. दुसरा मागायला त्या आल्या होत्या. गुडघे गेलेले.

"हे कशाचं हाय, खाजाभाई?"

"गाडीत बसल्याचं, माय."

"बसायच्या आधीच?"

"हाव. मागं लोक उभे हायत."

चांगुणाबाईंनी अंगठा उठवला.

मे महिन्यात मुंबईहून एक तक्ता आला. जिथे पाणी साठते आणि ज्याची पातळी रोज मोजली जाते, अशी जिल्ह्यातली सर्व ठिकाणे कळवायची होती. अण्णाराव प्रामाणिक होते. त्यांनी विहिरी शोधल्या, पाझर तलाव शोधले. रोज मोजणी कुठेच होत नव्हती. ती फक्त गाडीत होत होती. त्यांनी तक्ता भरला : पाणीसाठे चोवीस, सलग एकोणसत्तर दिवस समाधानकारक, एक हजार तीनशे बारा नागरिकांनी समक्ष पाहिले. पाच किलोमीटरच्या आत समाधानकारक साठा असेल तर टँकर देता येत नाही, असा नियम होता. खडकमाळ तीन किलोमीटरवर होती.

चांगुणाबाई पुन्हा आल्या. कार्यालयातून परतताना त्या गाडीत बोलल्या.

"असलेला टँकर बी गेला. म्हणे तूच अंगठा दिलास, पाणी बघितलं म्हणून. म्या कुठं बघितलं बा?"

खाजाभाईंनी गाडी मध्येच, नकाशातल्या तलावाच्या जागी, थांबवली. त्यांना उतरवून सीट उचलले, एक बूच काढले आणि बाजूला झाले. चांगुणाबाईंनी वाकून पाहिले.

"हे व्हय? ह्याच्यात कोंबडीची चोच बुडंना."

खाजाभाईंनी बूच परत लावले. संध्याकाळी त्यांनी नोंदवहीत ठळक अक्षरात लिहिले : 'चोवीसच्या चोवीस कोरडे.' खाली स्वतःची सही केली. नोकरी गेली, हे त्यांनी धरूनच चालले होते.

पण सकाळी नोंद वाचून अण्णाराव खुर्चीतून उठले. चोवीस साठे एका दिवसात आटल्याचे कोणत्याही जिल्ह्यात ऐकिवात नव्हते. तासाभरात आदेश निघाला आणि दुपारी टँकर फाटकात उभा राहिला. चालक मन्मथ कागद वाचत खाली उतरला.

"दहा हजार लिटर. साठा क्रमांक एक ते चोवीस. कुठं हायत, चाचा?"

खाजाभाईंनी सीट उचलले.

"चेष्टा करून राहिले का?"

"कागदावर गाव लिहिलंय का?"

"न्हाई. निस्ते साठे."

"मग साठे जातील तिथं तुला यावं लागतंय."

खाजाभाई गाडीत बसले आणि त्यांनी ती खडकमाळच्या रस्त्याला घातली. बॅटरीत जेमतेम तीन किलोमीटरचा जीव होता, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. चढाला गाडी माणसाच्या चालीने गेली. मागून टँकर पहिल्या गिअरमध्ये येत होता. वस्तीच्या तोंडाशी गाडी थांबली, ती पुन्हा हलली नाही.

पाइप आला. खाजाभाईंनी स्वतःच्या हाताने चोवीस बुचे काढली. आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितले, तेच करायला त्यांनी मन्मथला खूण केली. टँकरमधले बोअरचे खारे पाणी कप्प्यांत गेले. पाच लिटरला साठे भरले. उरलेले सांडू लागले. सांडलेल्या पाण्याबद्दल आदेशात काही नव्हते. वस्तीने घागरी, हंडे, पिंप, कढया लावल्या. बेगमबीही बादली घेऊन उभ्या होत्या.

टाकी संपली तेव्हा मन्मथने कागद पुढे केला. "सह्या करा. मला निघायचंय." शहाऐंशी जणांनी केल्या. चांगुणाबाईंच्या डोक्यावर हंडा होता. एका हाताने तो सावरत त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा दिला. कशावर, हे या खेपेला त्यांनी विचारले नाही. खाजाभाईंनीही सही केली.

कागदावर लिहिले होते : चोवीस साठे काठोकाठ भरले. पातळी समाधानकारक.

पूर्वी साठे तीन किलोमीटरवर होते, आता ते प्रत्यक्ष वस्तीत आहेत. त्यामुळे खडकमाळचे नाव टंचाईच्या यादीतून कायमचे वगळण्यात आले. साठे भरलेले असल्याने देखभालीची गरज उरली नाही, म्हणून खाजाभाईंचा करार संपवण्यात आला. गाडी तिथेच उभी आहे. तिच्या सीटवर कोंबड्या बसतात. अण्णारावांच्या नावाची बढतीसाठी शिफारस झाली आहे.

कार्यालयात आता सगळे पायीच जातात. नोंदवही मात्र फाटकावर ठेवली आहे आणि सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. तुमचे तिकडे काही काम निघालेच, तर पेन शोधावा लागणार नाही. तो सुतळीला बांधलेला आहे. वर काय छापले आहे ते बघायला तुम्ही थांबणार नाही, कारण मागे लोक उभे असतात. दोनशे चौदाव्या पानावर तुमच्यापुरती जागा मोकळी आहे.