तीन गोगलगायींची संकष्टी

"आज त्या सावळीरामाची बोलतीच बंद करतो!" अशी गर्जना करून प्राध्यापक दिवाकर गायधनी सकाळी अंथरुणातून उठले. माणसं उठल्यावर देवाचं नाव घेतात. सर सावळीरामाचं घेत होते, आणि तेही दात-ओठ खात!

सावळीराम आहेर म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सदस्य. नांदगावचे. त्यांना प्राणिशास्त्राची चौदा नंबरची खोली हवी होती, तीही कँटीनसाठी! मागच्या बैठकीत त्यांनी सरळ विचारलं होतं, "सर, पोरं वडापावसाठी उन्हात उभी ऱ्हातात, अन् तुमच्या तीन गोगलगायींना अख्खी खोली? त्या करतात काय दिवसभर?"

"खातात!" सर ओरडले.

सगळी बैठक हसली. त्या दिवसापासून सर जे पेटले होते ते विझायचं नाव घेत नव्हते.

आता खरं सांगायचं तर सर काही चुकीचं बोलले नव्हते. अकरा वर्षं त्यांनी तोच तर अभ्यास केला होता. समुद्रातली ही गोगलगाय म्हणजे बिनशंखाचा, ओल्या वांग्याएवढा गोळा. पण कधी खायचं आणि कधी तोंड फिरवायचं हे तिला बरोबर कळतं. तिच्या तोंडामागे मज्जापेशींचे बारीक पुंजके असतात. ती उपाशी असली आणि तिच्या ओठाला शेवाळ लागलं, की हे पुंजके ठेका धरतात आणि ती बकाबका खायला लागते. पोट भरलं की पोटाकडून वर निरोप जातो, ठेका थांबतो आणि बाईसाहेब मान वळवतात. सरांनी त्या पुंजक्यांना केसासारखी तार जोडली होती आणि तारेला स्पीकर. एकेक झटका 'टक्' असा ऐकू यायचा.

अकरा वाजता खोलीचा निकाल लावायला संस्थेची समिती येणार होती. टक्-टक् ऐकू आलं तर खोली सरांची. नाही आलं तर सोमवारपासून तिथे वडे तळले जाणार! म्हणून सरांनी तिघींना दोन दिवस कडकडीत उपाशी ठेवलं होतं.

सगळं चोख होतं. फक्त घरी साबुदाणा भिजला नव्हता.

"अहो, आज संकष्टी आहे हे रात्री डोक्यातूनच गेलं बघा," सरांच्या पत्नी सुधाताई म्हणाल्या. "केळं देऊ का?"

"केळं? आज माझ्या आयुष्याचा निकाल आहे, आणि तू मला केळं देतेस?"

"मग दोन केळी घ्या."

सरांनी डबा घेतला नाही, चहा घेतला नाही. स्कूटर काढताना पायात चप्पल घरातली आहे हेही त्यांना कळलं नाही. नाशिकरोडहून निघालेले सर द्वारकेला येईपर्यंत दोन रिक्षावाल्यांशी, एका बसड्रायव्हरशी आणि एका लाल सिग्नलशी भांडले होते. सिग्नलशी भांडत असतानाच फोन वाजला. प्रयोगशाळेच्या लंकाबाई होत्या. वीस वर्षं झाली, चौदा नंबरची किल्ली त्यांच्याच कमरेला.

"सर, या तिघी लय मलूल दिसून ऱ्हायल्या. काय खायला घालू का?"

"अजिबात नाही! त्यांचा उपवास आहे!" सर किंचाळले आणि त्यांनी फोन आपटला. म्हणजे खिशातच आपटला, पण जोरात.

अकराला समिती आली. प्राचार्य योगिनी मॅडम, आणखी दोन सदस्य, आणि पुढे पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या शर्टात सावळीराम.

"बसा!" सर असं म्हणाले की उभे असलेले दोघे दचकून बसले.

सरांनी चिमट्यात शेवाळाचा तुकडा धरला. "आता बघा. दोन दिवसांची उपाशी आहे. हिच्या ओठाला हे लावलं, की स्पीकरमधून ठेका ऐकू येईल. कान द्या!"

सगळ्यांनी कान दिले. शेवाळ ओठाला लागलं. स्पीकर गप्प! गोगलगायीने शांतपणे मान वळवली.

"लाजते आहे," सर म्हणाले आणि दुसऱ्या टाकीकडे वळले. दुसरीनेही मान वळवली.

"सर, यांना जेवण आवडलं नाय वाटतं," सावळीराम म्हणाले. "आमच्या कँटीनचा वडा देऊन पाहा ना."

सरांचे कान तापले. ते तिसरीकडे गेले. तिच्या तोंडावर त्यांनी शेवाळ इकडून लावलं, तिकडून लावलं. "खा! खा म्हणतो ना! अकरा वर्षं तुमची जात पोसली, आज तोंड फिरवतेस?" सावळीराम मजा बघायला टाकीवर वाकले, आणि नेमक्या त्याच वेळी सरांनी तिला चिमट्याने ढोसलं. ही जात अशी, की छळलं तर जांभळी शाई सोडते. तिने सोडली. सर दचकले, हात पाण्यात आपटला, आणि सावळीरामांचा शुभ्र शर्ट गळ्यापासून खिशापर्यंत जांभळा झाला!

"अहो सर! आज मला साखरपुड्याला जायचंय!"

"शर्टाचं काय घेऊन बसलात? इथे माझं मशीन बिघडलंय!" सरांनी दोन चिकटपट्टीच्या तारा ओढल्या आणि आपल्याच गालाला, जबड्यापाशी चिकटवल्या. मशीन तपासायची त्यांची ही नेहमीची पद्धत होती. दात आवळले की जबड्याच्या स्नायूंचा आवाज स्पीकरमधून यायला हवा. सरांनी दात आवळले.

खर्रर्र! टक्-टक्-टक्-टक्!

मशीन ठणठणीत होतं. म्हणजे गोगलगायींची पोटं भरलेली होती. सरांच्या हे लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा शर्टापेक्षा जांभळा झाला.

"यांना खायला कोणी घातलं?"

"मी," दारातून लंकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती औषधालाही नव्हती.

सर काही बोलायच्या आधीच स्पीकर बोलला. खर्रर्रर्र! तारा अजून गालावरच होत्या. योगिनी मॅडमनी सरांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"लंकाबाई! मी फोनवर काय सांगितलं होतं? उपवास आहे म्हणून!"

"हाय ना. म्हणून तर उपवासाचं घातलं!"

"काय घातलंत?"

"फ्रिजातलं शेवाळ. आधी मी इचार केला, पालेभाजीसारखं दिसतंय, चालंल का न्हाय? मंग आठवलं, ते चायना ग्रास शेवाळापासूनच करत्यात, तुम्हीच सांगितलं व्हतं एकदा. अन् चायना ग्रासचा खरवस तर सुधाताई उपवासाला करत्यात. म्हणजे चालतंय. घातलं सगळं पाकीट. तिघींनी असं खाल्लं सर, डोळ्याला पाणी आलं माझ्या."

"उपवास म्हणजे काही न खाणं!" सर थयथयाट करत होते. टक्-टक्-खर्रर्र!

"असं कसं? दर संकष्टीला तुमचा बी उपवासच असतोय की. मंग तो एवढा मोठा डबा खिचडीचा, वर दोन रताळी, चार राजगिऱ्याचे लाडू, ते कोण खातंय?"

सर आणखी भडकले. लंकाबाई, सावळीराम, संस्था, वडापाव, साबुदाणा, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. स्पीकर गिरणीसारखा चालू होता.

लंकाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःचा डबा उघडला, उकडलेल्या रताळ्याची एक फोड काढली आणि बोलता बोलता उघडलेल्या सरांच्या तोंडासमोर धरली. फोड ओठाला लागली.

टक्-टक्-टक्-टक्-टक्!

फोड गेली. सरांना पत्ता नाही. "आणि तुम्ही, सावळीराम..." दुसरी फोड. टक्-टक्-टक्. "तुम्हाला विज्ञानाची..." तिसरी. टक्-टक्. "...म्हणजे तशी काळजी आहे, नाही असं नाही." पाचव्या फोडीला स्पीकर टक्... टक्... असा रेंगाळला. सहावी फोड ओठाला लागली, आणि सरांनी शांतपणे मान वळवली.

स्पीकर गप्प झाला.

"अरे वा!" जांभळे सावळीराम खुर्चीतून उठलेच. "उपाशी व्हते तर चावायला धावत व्हते! पोट भरलं तर मान वळवली! अन् आवाज बी बंद! सर, हेच दाखवायचं व्हतं ना तुम्हाला?"

सरांचा हात हळूच गालावर गेला. तारा हाताला लागल्या.

"हेच," सर पुटपुटले.

"मंग असं साधं सांगायचं ना राव! माझी आई बी हेच करायची, वडिलांना ताट वाढल्याशिवाय त्यांच्याशी बोलायची नाय. खोली ऱ्हाऊ द्या सरांना. कँटीन बघू पार्किंगकडे."

समितीचा अहवाल चार दिवसांनी आला. खोली क्रमांक चौदा विभागाकडेच राहील, असं त्यात लिहिलं होतं. खाली सावळीरामांच्या हातचा शेरा होता: "प्रात्यक्षिक समाधानकारक. प्राणी उपाशी असताना जवळ जाऊ नये. शर्ट खराब होतो." सरांनी तो वाचला, दात आवळले, आणि घाईघाईने गाल चाचपून पाहिला. तारा नव्हत्या.

पुढच्या संकष्टीला सर कॉलेजात आले ते नेहमीसारखे तणतणत. केबिनच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता.

"आधी खायला घालावे. मगच बोलावे."

"लंकाबाई!" सर गरजले. "माझ्या दारावर हे लावायची हिंमत कशी झाली तुमची?"

"मी फक्त चिकटवलं सर," लंकाबाई रताळ्याचा डबा उघडत म्हणाल्या. "अक्षर वळखा की."

सरांनी चष्मा लावून पाहिलं. अक्षर सुधाताईंचं होतं. सरांनी मुकाट्याने तोंड उघडलं.