मोरकाकूंचा गळा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत सकाळी भाजीची गाडी आली की बाकीच्या बायका भाव विचारतात. मोरकाकू भाजीवाल्याचा घसा तपासतात.

"आ कर रं गड्या. आणखी मोठा. बघ, लाल झालाय नुस्ता! काल वरडून वरडून मेथी विकलीस व्हय?"

सलीमभाई तोंड उघडून उभा, आम्ही कोथिंबीर हातात धरून ताटकळलेल्या. तोंड मिटायची परवानगी मिळाली की तो म्हणायचा, "काकू, वरडल्याबगार लोकांस्नी कळणार कसं?"

"आवाज पोटातनं काढ. गळ्यातनं न्हवं. हितनं!" असं म्हणून काकू त्याच्याच गाडीवरचा मुळा त्याच्या पोटात खुपसायच्या. दोन वर्षं ही शिकवणी चालली. आता सलीमभाईची हाळी इतकी भरदार झालीय की नवे भाडेकरू त्याला कीर्तनकार समजून नमस्कार करतात.

त्यांचं खरं नाव मोरॅग पाटील. उंच, ठिपकेदार गोरा चेहरा, निळसर डोळे आणि अंगावर इचलकरंजीची सुती साडी. जन्म स्कॉटलंडचा. गल्लीला 'मोरॅग' झेपलं नाही, म्हणून त्या मोरकाकू झाल्या. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "बराबर हाय की," त्या म्हणायच्या. "मोर दिसायला बरा. आवाज काढू नये त्यानं."

मराठी त्या कराडकडच्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या, तीही चुलीपुढं. त्यामुळं माझी पंचाईत होते. मी कॉलेजात मराठी शिकवते. पहिल्यांदा त्या घरी आल्या तेव्हा मी विचारलं, "आपण चहा घेणार का?" त्या म्हणाल्या, "पोरी, पुस्तक मिट आन् चा टाक."

या बाई तरुणपणी पॉप गायिका होत्या, आणि चांगल्या गाजलेल्या होत्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेही मटार सोलता सोलता.

त्यांचं गाव समुद्रकाठचं, मासेमारीचं. वडील बंदरावर माशांच्या पेट्या उचलायचे. मोरॅग शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये गायची. तिथं लंडनच्या रेकॉर्ड कंपनीच्या एका माणसानं तिला ऐकलं आणि उचलून नेलं.

"त्यांनी पैलं माझं नाव बदललं," काकू सांगत होत्या. "मग केस बदललं. मग हसायचं कसं ते बदललं. गळा तेवढा माझा ऱ्हायला. तो त्यांनी वापरून संपवला."

एक गाणं सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं. चंदेरी बूट घालून मोरॅग टीव्हीवर दिसायला लागली. मग रोज नवं गाव आणि रोज कार्यक्रम. घसा दुखतोय म्हटलं की कुणीतरी घशात औषध फवारायचं आणि पाठीवर हात ठेवून स्टेजवर ढकलायचं. एके संध्याकाळी गाण्याच्या मधोमध आवाज गेला. "धडुतं टराटरा फाटावं तसा," त्या म्हणाल्या. समोरच्या लोकांना आधी वाटलं, माईक बिघडला.

ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. कंपनीनं चंदेरी बूट दुसऱ्या मुलीला दिले. "बूट माझ्या मापाचं व्हतं," काकू मटाराची शेंग मोडत म्हणाल्या. "चावलं आसणार तिला."

त्या हॉस्पिटलात सांगलीचे एक तरुण डॉक्टर शिकत होते. कान-नाक-घसा. त्यांनी मोरॅगला महिनाभर बोलायचंच नाही असं बजावलं आणि रोज येऊन तिच्यापुढं स्वतःच बोलत बसले. कृष्णाकाठ, गूळ, हळद, आईच्या हातची आमटी. "मी म्हयनाभर मुकी, आन् ह्यो बाबा बोलतोय," काकू हसायच्या. "लगीन झाल्यावर मी सगळी भरपाई केली." डॉक्टर पाटील शेजारी वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणायचे, "अजून चालू आहे."

गंमत म्हणजे डॉक्टरांनी बायकोला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. टीव्ही बघायला त्यांना तेव्हा सवड नव्हती, आणि ओळख झाली ती आवाज गेल्यावर. रेकॉर्ड काकूंनी घरात ठेवली नव्हती. "माझ्यावर न्हाई, माझ्या घशावर भाळला त्यो," असं त्या सगळ्यांदेखत सांगायच्या.

सांगलीत मात्र गाणारी बाई म्हटलं की लोक सोडत नाहीत. भजनी मंडळानं बोलावलं. गणपतीच्या कार्यक्रमात एक तरी गाणं म्हणा म्हणून पोरं दारात बसली. काकूंचं उत्तर एकच. "मी गात न्हाई." भजनाला त्या जायच्या, पण टाळ घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या.

त्याची कसर त्यांनी गावाचे घसे सांभाळून भरून काढली. मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना त्यांनी बोली पुकारणाऱ्याला मध्येच थांबवून कोमट पाणी पाजलं होतं. व्यापारी खोळंबले, पण कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर काकूंनी त्याचाही घसा बघितला असता. आणि जुलैत, सगळे पर्यटक पळून गेल्यावर, त्या डॉक्टरांना घेऊन महाबळेश्वरला जायच्या. धुकं, गारठा, आडवा पाऊस. टॅक्सीवाला म्हणायचा, "आवं काकू, आत्ता काय दिसणार हाय?" त्या म्हणायच्या, "काय बी दिसू नगं. म्हायेरी आल्यागत वाटतंय."

मागच्या वर्षी डॉक्टरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं, पण शब्द फुटायचा नाही. 'पाणी' म्हणायला जायचे आणि 'प, प' करत घामाघूम व्हायचे. मग भिंतीकडं तोंड फिरवायचे. काकू एकट्याच बोलत राहायच्या. भाव, हवा, सलीमभाईचा घसा. हळूहळू त्यांचंही बोलणं कमी झालं. मी रोज जायचे, आणि त्या घरातली शांतता मला सहन व्हायची नाही.

गणपतीत एकदा मी तिथं बसले होते. चौकातल्या मंडळाची आरती सुरू झाली. डॉक्टरांचे ओठ हलले आणि ते आरती म्हणायला लागले. स्पष्ट, शब्द न् शब्द. आरती संपली. काकूंनी घाईनं विचारलं, "पाणी देऊ? म्हणा, पाणी." पुन्हा 'प, प.'

काकूंनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. मला एवढंच म्हणाल्या, "सुरावर बसून येतोय शबूद."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून आवाज आला. घोगरा, मध्येच चिरकणारा, वर चढताना तुटणारा. मला वाटलं, कुणाचा रेडिओ बिघडलाय. मग शब्द कळले, आणि मी त्यांच्या खिडकीशी गेले. "पा-णी दे. पा-णी दे." दोनच सुरांत, डॉक्टरांचा डावा हात खुर्चीवर आपटत, मोरकाकू गात होत्या. रस्त्यावरून माणसं जात होती. सलीमभाई गाडी थांबवून उभा होता, हाळी न देता.

मी आत गेले तेव्हा त्या दमून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी सूर लावला तरच ह्यो लावतो. मग काय करू?"

आठवडे गेले. 'पाणी' आलं, 'दिवा लाव' आलं, 'पंखा' आला. प्रत्येक वाक्याला काकूंनी चाल लावली होती, आणि ती आधी त्यांनाच, त्या फाटक्या गळ्यानं, दहादा म्हणावी लागायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी चकल्या घेऊन गेले. काकू 'चष्मा दे' शिकवत होत्या. डॉक्टर म्हणेनात. डावा हात खुर्चीवर ठोकत होते, ओठ जुळवत होते. काकू म्हणाल्या, "चला, पुन्यांदा. च-ष्मा..." डॉक्टरांनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि हळूहळू, एकेक अक्षर सुरात ठेवत म्हणाले,

"जे-व-लीस का?"

काकूंनी हातातला चष्मा खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे म्या शिकवलं न्हवतं."

दुपारचे तीन वाजून गेले होते. डॉक्टर उत्तराची वाट बघत होते. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, आणि त्याच चालीत, आवाज मध्येच तुटला तरी न थांबता म्हणाल्या, "न्हा-ई अ-जून."