ग्रॅडी नेमेथची निरोपाची फिल्म

"आज म्हातारा चाट पडणार बघ!" बुटाची नाडी आवळत ग्रॅडी नेमेथने गोलरक्षक ऑगीला ठणकावून सांगितलं.

टोलेडोच्या फुटबॉल क्लबसाठी चौदा वर्षं बचावफळीत खेळून ग्रॅडी आज निवृत्त होत होता. म्हातारा म्हणजे त्याचे वडील, एमरी. जन्मभर काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे राबलेला माणूस! पोरानं खेळायचंच तर निदान बेसबॉल खेळावं, हा त्यांचा हट्ट. तो मोडला म्हणून ते कधी मैदानाकडे फिरकले नव्हते. आज डेलियाने, त्यांच्या सुनेने, त्यांना अक्षरशः गाडीत कोंबून आणलं होतं. मध्यंतरात मोठ्या पडद्यावर ग्रॅडीच्या कारकिर्दीची फिल्म होती. बाबांनी एकदा, फक्त एकदाच आपलं काम बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

फिल्म बनवणाऱ्या पेजला त्याने बजावलं होतं, "एकही तुकडा गाळायचा नाही! कात्री लावलीस तर खबरदार!"

"काळजीच सोड," पेज म्हणाली होती. "समालोचकानं जिथे जिथे तुझं नाव घेतलंय, ते सगळं कॉम्प्युटर शोधून देतो."

इथेच घात झाला!

पडदा उजळला. समोरच्या आघाडीपटूने ग्रॅडीला झुकांडी दिली, ग्रॅडी बदकन बसला आणि चेंडू जाळ्यात! "अरेरे, नेमेथ!" समालोचक कळवळला. पुढच्या तुकड्यात ग्रॅडी आडवा. "नेमेथ चुकला!" मग भर पावसात तो घसरत थेट जाहिरातीच्या फळीखाली गेला. "नेमेथ चाललाय कुठे?"

बचावपटूने चेंडू अडवला की समालोचक पुढच्या चालीबद्दल बोलतो. गोल झाला की मगच बिचाऱ्याचं नाव निघतं!

"बंद कर गं!" ग्रॅडी पडदा चालवणाऱ्या वरच्या खोलीकडे हातवारे करत ओरडला. काचेआड रडवेल्या झालेल्या पेजने घाबरून भलतंच बटण दाबलं. तेच सगळं पुन्हा सुरू झालं, सावकाश गतीने!

अख्खं मैदान पोट धरून हसत होतं. हसता हसता लोक उभे राहिले आणि "नेमेथ! नेमेथ!" असा गजर सुरू झाला. ग्रॅडी मात्र एकाच खुर्चीकडे बघत होता. बाबा हसत नव्हते. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

सामना संपल्यावर एमरी कठड्यापाशी आले.

"रोज असंच व्हायचं?"

"नाही हो, बाबा! एरवी काहीच व्हायचं नाही."

"मग इतकी वर्षं पगार कशाचा घेत होतास?"

"काही होऊ नये याचाच."

एमरींनी पडद्याकडे पाहिलं. तिथे आता हॉटडॉगची जाहिरात लागली होती.

"पहिल्या गोलाला केवढे केस होते रे तुला," ते हळूच म्हणाले. "शेवटच्याला टक्कल. मधलं मी काहीच पाहिलं नाही."

एमरींनी कठड्यावरून हात टाकून त्याचा घामट खांदा घट्ट धरला.

"ती फिल्म मला हवी."

"देतो, बाबा," ग्रॅडी डोळे पुसत म्हणाला. "हव्या तितक्या वेळा बघा."

"मी एकटा कशाला? रविवारी चर्चच्या जेवणाला सगळ्यांना दाखवतो! त्या सावकाश भागासकट!"