बापूसाहेबांचा मंगळवार

खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे मालक बापूसाहेब मेथीच्या जुडीचा भावसुद्धा उपरण्याखाली ठरवत. भर बाजारात भाजीवाल्याचा हात ओढून ते उपरण्याखाली घेत, त्याची बोटे दाबत आणि तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा मारत.

“बापूसाहेब, मेथी हाये हे, रुईची गाठ नाही!” एक म्हातारा भाजीवाला एकदा ओरडला. “अन् हात सोडा आता. तराजू कोन धरन?”

बापूसाहेब गडगडाटी हसले आणि जुडी त्याच्याच भावाने घेऊन गेले.

ही सवय कापसाच्या बाजारातली. पूर्वी दलाल आणि व्यापारी कापडाखाली हात मिळवून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. भोवतालच्यांना सुगावा लागू नये म्हणून तोंडाने भलतेच बोलत राहायचे. पुढे उघड लिलाव आला. बापूसाहेबांचे उपरणे मात्र खांद्यावरून उतरले नाही. त्यांचा उजवा हात कायम त्यात गुंडाळलेला असे. “तोंड बाजारासाठी, हात सौद्यासाठी,” असे ते सांगत.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. मी नागपूरच्या एका दैनिकाचा खामगावचा वार्ताहर होतो. बापूसाहेबांचे ते वाक्य मी वहीत उतरवले आणि खाली रेघ मारली. आपल्या तोंडावर विश्वास ठेवू नका असे जो स्वतःच सांगतो, त्याच्यावर लक्ष ठेवलेले बरे.

त्यांचा दुसरा शब्द ‘फस्क्लास’. प्रकृती फस्क्लास, हंगाम फस्क्लास, जावई फस्क्लास. जिनाच्या आवारातली कापसाची गंजी पेटली त्या दुपारी मी वही घेऊन पोहोचलो. बापूसाहेबांच्या मिशीला काजळी लागली होती आणि मागे धूर चढत होता.

“काय परिस्थिती?” मी विचारले.

“फस्क्लास! वारा हाये का जरासा तरी? पाहा ना!”

ज्याच्याकडे गंजी जळतानाही सगळे ठीक असते, त्याच्याकडे काहीतरी नक्कीच बिघडलेले असते, असे मी मनाशी धरले. काय, ते शोधायचे होते.

धागा मिळाला तो मंगळवारचा. दर मंगळवारी दुपारच्या गाडीने बापूसाहेब एकटेच जलंबला जात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. जलंबला मुंबई-नागपूरच्या गाड्या थांबतात, एवढेच त्या स्टेशनचे महत्त्व. गावात दोन तर्क होते. एक, तिकडे त्यांचे दुसरे घर आहे. दोन, मुंबईचे कोणी गिऱ्हाईक तिथे येते आणि जिन विकायचा सौदा चालू आहे. मला दुसरा पटला. सौदा आला की उपरणे आलेच.

मी जिनात चौकशी केली, तर दिवाणजींनी मला फाटकाबाहेर गाठले.

“काऊन हो, मंगळवारची विचारपूस काऊन करून राह्यले तुमी?”

“जिन विकणार आहेत का?”

“असं छापलं ना, तं उद्या सकाळी कापसाचे गाडे दुसऱ्या जिनात वळतीन. शंभर मानसं घरी बसतीन. मंग लिहा तुमी त्याची बी बातमी.”

त्यांनी ‘नाही’ म्हटले नव्हते. मी त्या रात्री बातमी लिहिली. फक्त गिऱ्हाइकाचे नाव भरायचे राहिले. पुढच्या मंगळवारी कागद खिशात घालून बापूसाहेबांच्या मागच्या डब्यात बसलो.

जलंबला ते फलाटाच्या टोकाच्या बाकावर गेले, टोपी काढून शेजारी ठेवली आणि बसले. मुंबईची गाडी आली आणि गेली. त्यांनी मान वर केली नाही. कोणी आले नाही.

“हे दर मंगळवारी येतात,” हमाल म्हणाला. “आमाले वाटे, कोनाले घ्यायले येत असतीन.”

“कोणी येतं का?”

“दोन सालात तं कोनी नाही उतरलं.”

तासभर मी त्यांच्याकडे पाहत होतो. तो चेहरा खामगावात कोणी पाहिला नव्हता. गाल उतरलेले, तोंड किंचित उघडे. टोपीबरोबर हसूही काढून ठेवल्यासारखे. शेवटी मी जवळ जाऊन बसलो. मला पाहताच ते सवयीने हसू लागले, पण हसू अर्ध्यातच विझले.

“बातमी?” त्यांनी विचारले.

“हो. कसं चाललंय, बापूसाहेब?”

“फस्क्लास,” ते म्हणाले. मग उपरणे आमच्या दोघांच्या मध्ये पसरून त्यांनी माझा हात खाली ओढला.

मी भावाची वाट पाहत होतो. खूण आलीच नाही. तो हात थंडगार होता आणि थरथरत होता. थांबतच नव्हता. त्यांनी माझी चारही बोटे घट्ट धरली. समोर रुळांकडे पाहत ते मोठ्याने म्हणाले, “इथला चहा चांगला असते हो!” आणि मग अगदी हळू, “सकाळी भोंगा वाजला का छातीत गोळा येते. उठूच वाटत नाही. अकोल्याचा डाक्टर म्हने, काहीच नाही तुमाले. मंग हे कोनाले दाखवू? इथं मले कोनी ‘कसं काय’ म्हनून पुसत नाही. घंटाभर तोंड सैल सोडतो अन् जातो वापस.”

मी हात काढून घेतला नाही. चहाबद्दल मीही काहीतरी बोललो.

परतीच्या गाडीत ते झोपले. खामगाव आले तसे जागे झाले, टोपी चढवली, उजवा हात उपरण्यात गुंडाळला आणि हसतच उतरले. फलाटावर दिवाणजी उभे होते. बापूसाहेब पुढे गेल्यावर ते माझ्यापाशी आले. त्यांची नजर माझ्या खिशावर होती.

“मंग? काय सापडलं जलंबले?”

“चहा,” मी म्हणालो. “फस्क्लास.”