पाचाचा फरक

तिसऱ्यांदा प्रबंध परत आला तेव्हा प्रभुलिंगनं तो टेबलावरून उचललाही नाही. त्याचे मार्गदर्शक सयाजीराव सर, त्यांनीच तो त्याच्या हातात कोंबला. मुरगूडचा हा गडी प्रभुलिंग सहा वर्षं मिठासारख्या साध्या स्फटिकांचा लवचिकपणा गणितानं काढत होता. गारगोटी गावच्या कॉलेजात तासावर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कागदावर मिठाचा खडा दाबत बसायचं. सरांची सही झाली की डॉक्टर, डॉक्टर झाला की कायमची नोकरी. ती मेली सही काही होत नव्हती.

भानगड एवढीच होती. प्रत्येक स्फटिकाचे तीन आकडे निघायचे, आणि त्यातला दुसरा अन् तिसरा अगदी सारखे यायचे. या साध्या रीतीनं ते सारखेच यायला हवेत, हे त्यानं प्रबंधात सिद्धही करून दाखवलं होतं. पण सरांनी तीस वर्षांपूर्वी याच रीतीनं, याच स्फटिकांवर प्रबंध केला होता, अन् त्यात ते वेगळे होते. तो प्रबंध सरांच्या कपाटात कुलपात असायचा. देवाचंसुद्धा एवढं सोवळं कुणी पाळत नाही.

"माझ्याशी जुळत न्हाय म्हंजे तुझं चुकलंय," सर म्हणाले. "आणि मार्जिनबी चुकलंय. शालूबाईंकडनं टाइप करून आण."

शालूबाईंचं टाइपिंगचं दुकान विद्यापीठासमोरच होतं. अख्ख्या विभागाचे प्रबंध त्यांच्या हाताखालून गेलेले. प्रभुलिंगनं वैतागून कागद त्यांच्यापुढे टाकले आणि चार दिवसांनी छापील प्रत न उघडताच सरांपुढे नेऊन ठेवली. निदान मार्जिनला तरी नावं ठेवणार नाहीत, एवढीच आशा.

सरांनी तक्ता पाहिला, कपाट उघडलं, आपला प्रबंध शेजारी ठेवला आणि चष्मा काढून डोळे पुसले. दशांशासकट जुळत होतं. सहा वर्षांनी का होईना अक्कल आली म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली.

प्रभुलिंगनं तक्ता पाहिला तो तेव्हा. तिसऱ्या रकान्यातला प्रत्येक आकडा पाचानं वाढला होता. तो तसाच शालूबाईंच्या दुकानात धडकला.

"मावशी, आकडं कुणी बदललं?"

"मीच की," शालूबाई टाइप करता करता म्हणाल्या. "एकच रकाना दोनदा लिवलास, बाळा. परीक्षक हसतील म्हणून शेवटच्यात पाच-पाच वाढवलं. तुझ्या सरांनीबी हीच चूक केलती. तवा टाइपरायटर हुता, तरी निस्तरलं की मी. त्यांनी तर तवा उघडूनबी बघितलं न्हाय."

प्रभुलिंग स्टुलावर बसला. सहीचं पान मांडीवर होतं. खरं बोलावं तर सरांची अब्रू जाणार, आणि ही सही जन्मात परत मिळणार नाही. संतापानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं बाहीनं पुसलं.

बाइंडिंग कसलं करायचं, शालूबाईंनी विचारलं.

"सरांचं हाय तसलंच करा," तो म्हणाला.